आधी विग नीट बसवू, मग भीतीचं बघू

केमोथेरपी चालू असलेल्या बायका मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दा एकच: "विग घातलाय, पण सरकेल, चारचौघांत निघून पडेल या धास्तीनं बाहेर पडवत नाही. माझ्या मनाचे खेळ आहेत का हे?" घरचे बहुधा "हो, मनाचेच" म्हणून मोकळे झालेले असतात. मी आधी विग बघायला मागते.

सोलापुरातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय पंचेचाळिशीचं, शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात शिलाईचं काम. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, केमो चालू. नवरा घेऊन आला होता. "मॅडम, हिला जरा समजवा ओ. डोक्यावरचा हातच काढत नाही."

हात खरंच निघत नव्हता. दोन वाक्यं झाली की बोटं कानशिलाकडे जायची आणि विग पुढे ओढायची. विगची कड त्यामुळे पार भुवयांपर्यंत आली होती. पुढून असा ओढला की मागून तो मानेवरून वर चढतो, तो वर चढला की आणखी सैल वाटतो, मग पुन्हा हात. नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि विचारलं, "काढून दाखवता का?" थोडा वेळ गेला. मग काढला.

विग केस गळायच्या आधी घेतलेला. तसाच घेतात बऱ्याच जणी, आणि त्यात चूक काही नाही. पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात, तोवर हाताशी असलेला बरा. पण माप दाट केसांवरून घेतलेलं असतं. केस गेले की डोक्याचा घेर कमी भरतो. टेप त्यांच्याच पिशवीत होती. कपाळावर केस सुरू होतात तिथून, कानांच्या वरून, मागे मानेच्या खळगीपर्यंत आणि परत, असं मोजलं. २१ इंचांच्या आत. बाजारातला मध्यम मापाचा विग साधारण २१.५ ते २२.५ इंचांच्या डोक्यासाठी असतो. म्हणजे ताईंची भीती टेपवर मोजता येत होती.

विग उलटा केला. आत मानेच्या बाजूला दोन्हीकडे बारीक पट्ट्या असतात, टोकाला हूक, आणि हूक अडकवायला ओळीनं लहान लहान घरं. काही विगांना हुकांऐवजी वेल्क्रो असतं. ताईंचे दोन्ही हूक सगळ्यात सैल घरात. "हे असतंय होय! दुकानदारानं काय सांगितलंच नाही." दोन्ही बाजू सारख्याच, एकेक घर आत घेतल्या. एकच बाजू आवळली तर विग तिरका बसतो. घालतानाही पुढून मागे घालायचा, कानांपुढच्या दोन लहान जिभा कानशिलांवर एका पातळीत आल्या की तो सरळ बसला समजा. मग मान खाली घालून बघायची, जोरात 'नाही नाही' करून बघायचं. आवळण्यालाही हद्द आहे. कडेखाली बोट सहज गेलं पाहिजे. डोकं ठणकलं किंवा कानशिलावर लाल वळ उठला तर एक घर सोडायचं.

हूक शेवटच्या घरापर्यंत नेऊनही मागे थोडी ढिलाई उरली. इथून पुढे मला शिकवण्यासारखं काही नव्हतं, समोर कारागीर बसली होती. आतून एका कानामागून दुसऱ्या कानामागे अर्धा इंच रुंदीचं इलॅस्टिक लावायचं, किंचित ताणून, दोन टोकांना हातशिलाईनं. मशीन नको, केस टाक्यात सापडतात. केसांच्या ओळी ज्या फितीवर शिवलेल्या असतात ती कापायची नाही, सुईही तिच्या आजूबाजूनं घालायची. "पक्की शिवण नको ना?" त्यांनीच विचारलं. "केस आले की उसवावं लागंल."

टक्कल असलेल्या डोक्यावर पिना काही धरत नाहीत, आणि नायलॉनची गुळगुळीत टोपी आत घातली तर विग आणखी घसरतो. खोबरेल लावून वर विग घातला तरी तेच. मखमलीचा पट्टा मात्र धरतो, कारण मखमलीची लव दोन्हीकडे अडते. तयार मिळतो, ताईंनी ब्लाऊजच्या कापडातून दुहेरी शिवला, लव आतही आणि बाहेरही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप हवी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. केमोत कातडी नाजूक झालेली असते, आणि आपल्याकडच्या घामात ती टिकतेच असंही नाही. हां, कृत्रिम केसांचा विग घालून तव्यापुढे भाकरीला बसू नका, कुकरच्या वाफेतही तोंड घालू नका. केस आक्रसतात, मग नीट होत नाहीत. घरात सुती रुमाल पुरे.

पुढच्या भेटीला विग जागेवर होता. भीती बरीच ओसरली होती, पण थोडी उरली होती, आणि ती आता वेगळी काढून बघता येत होती. संक्रांत जवळ आलेली. सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला त्यांचं घर दरवर्षी जातं. गर्दीत धक्का लागेल याची आता काळजी नव्हती. "अक्षता पडतात ना डोक्यात. नणंदबाईंची सवय आहे, लगेच केसांत हात घालून झटकतात."

ह्यावर इलॅस्टिकचा उपाय नाही. नणंदेला आजार ठाऊक होता, विग ठाऊक नव्हता. आम्ही दोन वाटा बोललो. एक, तयार वाक्य: "राहू दे वन्सं, घरी गेल्यावर विंचरते." दुसरी, आधीच सांगून टाकायचं. कुठली घ्यायची हे मी ठरवणार नव्हते, आजारपणातलं काय कुणाला सांगायचं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि "लपवायचं काय त्यात?" असं बाहेरच्यानं म्हणणं मला पटत नाही. ताईंनी आदल्या रात्री फोन करून सांगितलं. नणंद म्हणाली, "मला वाटलंच होतं, पण तू बोलत नव्हतीस म्हणून मी गप्प बसले."

विग नीट बसवल्यावरही काही आठवडे घराबाहेर पाऊल पडत नसेल, झोप जात असेल, आरशासमोर जाणंच टाळलं जात असेल, तर मात्र गोष्ट विगची राहिलेली नसते. तेव्हा समुपदेशकाकडे किंवा कर्करोगाच्या डॉक्टरांकडे हे स्पष्ट बोलावं.

ताई अजून नवऱ्याच्या गाडीवर मागे बसताना विगवरून स्कार्फ घट्ट बांधतात. मी त्याला हरकत घेतलेली नाही. सोलापूरच्या उन्हात गाडीवरच्या बाकीच्या बायकाही तशाच बांधून बसतात.