माऊस ड्रॉवरमध्ये ठेव

प्रिय,

तुझा मेसेज आणि स्क्रीनशॉट मिळाला. गूगलच्या लाइटहाउस या वेबसाइट तपासणाऱ्या टूलमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीला, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता येते का याला, १०० पैकी ९८! हिंजवडीच्या बसमध्ये उभ्या-उभ्या पाठवलास, म्हणजे आनंद पोटात मावत नव्हता. अभिनंदन, पण अर्धंच. फोटोच्या बाबतीत ते टूल पर्यायी मजकूर, म्हणजे न दिसणाऱ्याला वाचून दाखवायचं वर्णन, आहे का एवढंच बघतं. तिथे तू 'फोटो १२' लिहिलंस तरी त्याची काही तक्रार नसते.

माझीच फजिती सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका कॉलेजचा प्रवेश अर्ज केला होता. फार देखणा. त्यातलं निळं, गोल कोपऱ्यांचं 'पुढे जा' हे बटण नव्हतंच, क्लिक झेलणारा एक डिव्ह, म्हणजे एचटीएमएलमधला नुसता डबा, होता. टॅबची कळ दाबून त्याच्यावर थांबता यायचं नाही, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणायचा नाही. एका अंध मुलीने तीनदा अर्ज भरत आणला आणि तिन्ही वेळा तिथेच अडली. शेवटी वडिलांचं उत्पन्न, जातीचा दाखला, सगळं शेजारणीला सांगून तिच्याकडून भरून घेतलं. तिथला क्लार्क मला सहज म्हणाला, "भरला हो शेवटी कसातरी." तो 'कसातरी' अजून बोचतो. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती: डिव्ह काढला, बटण लिहिलं.

म्हणून सांगते, आज माऊस ड्रॉवरमध्ये ठेव, टचपॅडला हात लावू नकोस आणि तुझा स्वतःचा फॉर्म टॅब, एंटर, स्पेसबारवर भरून दाखव. आपण कुठे आहोत हे दिसत नसेल, तर डिझायनरने फोकसची चौकट 'घाण दिसते' म्हणून काढून टाकलीय असं समज. परत आण, भांडण झालं तरी चालेल. आपल्या खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेले सैनिक राहतात. ज्याचे हात चालत नाहीत आणि जो तोंडात काडी धरून एकेक कळ दाबतो, त्याला त्या चौकटीशिवाय दुसरा आधार नाही.

मग एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर उतरवून घे. फुकट आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर परवडण्यासारखे नव्हते. स्क्रीन बंद करून ऐक. इन्सर्ट आणि एफ७ दाबलंस की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी येते. तुझ्या पानावर काय ऐकू येईल ते सांगू? अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा, इथे क्लिक करा, अधिक वाचा.

आता मराठीचं, कारण इंग्रजी ब्लॉगांमध्ये हे तुला सापडणार नाही. टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा सांगणारं लँग 'ईएन', म्हणजे इंग्रजी, तसंच राहिलं, तर इंग्रजी आवाज देवनागरी एकतर गिळतो नाहीतर भलतंच बरळतो. तिथे 'एमआर' हवं. मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर त्याला वेगळं लँग दे. त्याहून मोठं दुखणं जुन्या फॉन्टांचं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो. ग्राहकाने असली पीडीएफ किंवा नोटिशीचा स्कॅन पाठवला की सरळ म्हण, "मजकूर युनिकोडमध्ये द्या, नाहीतर टाइप करायचे तास बिलात धरते." पैशाचं नाव काढलं की युनिकोड लगेच सापडतो, असा माझा अनुभव.

रंगांचं थोडक्यात. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडातला फरक. तुमच्या डिझायनरचा लाडका ९९९ या रंगकोडचा राखाडी पांढऱ्यावर २.८५ भरतो. ७६७६७६ घ्या, जेमतेम पास होतो.

मॅनेजर 'पुढच्या फेजमध्ये बघू' म्हणाला, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढ, आणि सुप्रीम कोर्टाचा ३० एप्रिल २०२५ चा निकालही. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवायच्या होत्या, आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईंना ते शक्य नव्हतं. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. मला स्वतःला कायद्याचा धाक घालणं आवडत नाही, पण एस्टिमेटमध्ये तास मिळवायला उपयोगी पडतो.

आणि ते तास मिळाले की त्यातले चार तास अंध टेस्टरसाठी राखून ठेव. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे आहेत, फोनवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतात की तुला पहिल्यांदा एक शब्द कळणार नाही. शेजारी बस, मध्ये बोलू नकोस, 'इकडे दाबा' तर मुळीच म्हणू नकोस. ताशी दर आधी विचार आणि त्याच आठवड्यात पैसे दे. चहा-बिस्किटांवर भागवू नकोस, कॉलेजवाले तेच करतात.

तुझी,
कोथरूडची मावशी