बोट कुठे आहे?

प्रिय पोरी,

तुझी मेल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. 'बाई, मुलं पुरावा म्हणून पॅसेजमधलं एखादं वाक्य उचलतात, चिकटवतात आणि खाली "वर्णद्वेष वाईट असतो" लिहून मोकळी होतात. आणि मुळात मी पुण्याहून अमेरिकेत येऊन दोन वर्षं झालेली. कृष्णवर्णीयांचा इतिहास या मुलांना शिकवणारी मी कोण?' दोन प्रश्न एका दमात विचारलेस. दुसरा मोठा वाटतो, पण तोच सोपा आहे. तो नंतर.

आधी तू पाठवलेला परिच्छेद, रोझा पार्क्स यांच्यावरचा. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून अटक झालेल्या या कृष्णवर्णीय बाई. 'रोझा पार्क्स धाडसी होत्या. पॅसेजनुसार त्या जागेवरून उठल्या नाहीत. यावरून त्या धाडसी होत्या हे कळतं.' तुझ्या रूब्रिकप्रमाणे, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्याप्रमाणे, याला चारपैकी तीन, कारण क्लेम (दावा) आहे, एव्हिडन्स (पुरावा) आहे आणि रीझनिंगच्या (कारणमीमांसेच्या) रकान्यात काहीतरी भरलेलं आहे. अगं, पण हा घाण्याचा बैल आहे. निघाला तिथेच परत आला! मी त्या मुलाला एवढंच विचारलं असतं: बोट कुठे आहे? कोणत्या ओळीवर, ओळीतल्या कोणत्या शब्दावर? बोट ठेवता येत नसेल तर पेन्सिल खाली ठेव.

आपण शाळेत 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' सोडवायचो, आठवतं? 'प्रस्तुत ओळी अमुक पाठातून घेतल्या आहेत' इथून सुरुवात, पुढचं गाइडमधून पाठ. धडा न वाचताही मार्क मिळायचे. इथे येऊन मी तेच गाइड इंग्रजीतून शिकवत होते, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

न्यू जर्सीतली एक शाळा, सातवीचा वर्ग. दरवर्षी फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, मी एक दीड पानी पॅसेज काढायची. दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक बाई बसने घरी निघाली, पाय दुखत होते, म्हणून उठली नाही. सव्वीस वह्यांत 'पॅसेजनुसार त्या दमलेल्या होत्या.' मी खूश. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, 'बाकीचे लोक दमत नव्हते का?' मी म्हणाले, 'पॅसेजमध्ये आहे तेवढ्यावर बोल.'

हे वाक्य मी बोलले. मीच, बोट बोट करणारी. तीन आठवड्यांवर राज्याची परीक्षा होती, बेचाळीस मिनिटांचा तास होता, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस सांग. पण ते राहू दे. त्या मुलाने पॅसेजच्या नेमक्या खड्ड्यावर बोट ठेवलं होतं आणि मी ते बाजूला सारलं.

रोझा पार्क्स त्या वेळी ४२ वर्षांच्या होत्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या सेक्रेटरी म्हणून काम केलेल्या, त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या, चळवळीचे कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर शाळेत कार्यशाळेला जाऊन आलेल्या. अंगाने आपण दमलो नव्हतो, दमलो होतो ते फक्त सतत माघार घेऊन, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. आणि त्या गोऱ्यांच्या जागेवर बसल्याही नव्हत्या. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, त्यांच्या लगेच मागच्या रांगेत त्या होत्या. बसचा तो नकाशा पुढे कोर्टात सादर झाला आणि आज नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहे. माझा पॅसेज यातलं काहीही सांगत नव्हता. मुलांनी खोट्यावर बोट ठेवून खरा परिच्छेद लिहिला आणि मी त्याला हिरवी टिक दिली.

आता तू काय वाचायला द्यावंस ते सांगते. १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली, त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन यांनी अलाबामा स्टेट कॉलेजातल्या मशीनवर बसवर बहिष्कार घाला असं सांगणारी हजारो पत्रकं छापली. या बाई तिथे इंग्रजी शिकवायच्या, म्हणजे आपल्याच बिरादरीतल्या. पत्रकाची सुरुवातच अशी, की 'आणखी एका' निग्रो स्त्रीला अटक झाली आहे. ('निग्रो' हा शब्द जुन्या कागदांत येणारच. तो तेव्हाचा आहे हे मुलांना आधी सांग, आणि कुणालाही उभं करून मोठ्याने वाचायला लावू नकोस.) 'आणखी एका.' त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर या दोन शब्दांत बसलेलं होतं. क्लॉडेट कॉल्विन, वय १५, २ मार्च १९५५. मेरी लुईस स्मिथ, वय १८, ऑक्टोबर. पार्क्स त्यांच्यानंतर. बसमधल्या विभागणीविरुद्धच्या फेडरल दाव्यात वादी म्हणून कॉल्विन आणि स्मिथ होत्या, पार्क्स नव्हत्या.

शेजारी याच रॉबिन्सनबाईंनी महापौरांना पाठवलेलं पत्र ठेव. त्यात बसवर बहिष्कार घालण्याचा इशारा आहे. तारीख २१ मे १९५४. माझ्या शेवटच्या वर्षी एका मुलीने यावर तीनच वाक्यं लिहिली: पत्र १९५४ चं आहे, अटक १९५५ ची आहे, म्हणजे बहिष्कार रागाच्या भरात सुचलेला नाही, तो आधीपासून डोक्यात होता. तिचं बोट तारखेवर होतं! रूब्रिकला पाच वाक्यं हवी होती, म्हणून मी तिला चारपैकी दोन दिले. हा आकडा मला अजून टोचतो. नियम मी केलेला नव्हता, पण खोडरबर माझ्याच हातात होतं.

मुलं कुरकुरतील, 'आम्हाला माहितीच आहे वाईट होतं ते, सिद्ध कशाला करायचं?' तेव्हा त्यांना कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स दाखव. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये त्यांच्या तीन ओळखीच्यांना, किराणा दुकान चालवणाऱ्यांना, जमावाने ठार मारलं. वेल्सबाईंनी त्यावर लिहिलं तर त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. वेल्सबाई रडल्या नसतील का? पण १८९५ च्या पुस्तिकेत त्यांनी अशा हत्यांचे आकडे घेतले ते 'शिकागो ट्रिब्यून'चे, गोऱ्यांच्याच छापखान्यातले. अतिशयोक्ती म्हणायची सोयच ठेवली नाही. ज्याच्या शब्दाला जगात किंमत नाही, त्याला बोट ठेवायला समोरच्याचीच ओळ लागते. तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

तू मेलमध्ये शेवटी, जाता जाता, लिहिलंस की वर्गात खुर्च्या मांडून बसमधल्या प्रसंगाचा नाट्यप्रवेश करायचा विचार आहे. नको. नाही म्हणजे नाही. एका मुलाला उठवायचं आणि दुसऱ्याला उठवणारा करायचं, आणि मग विचारायचं 'कसं वाटलं?' तुला 'कसं वाटलं' या परिच्छेदांचाच कंटाळा आलाय ना? मग ते पिकवतेस कशाला?

आता 'मी कोण'. पोरी, जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तिथली गुलामगिरी नष्ट केल्याबद्दल. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनी मागितल्या त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला वर्तमानपत्रातली बातमी पुरली नाही, मूळ कागद हवा होता. त्या वर्गात तू पाहुणी आहेस हे खरंच आहे, ते विसरू नकोस. पण पाहुणीनेही वाचूनच बोलावं, एवढं पुरे. मुलांपुढे 'आमच्याकडेही जात आहे' असं सारखं घोळवत बसू नकोस. विचारलं तर सांग.

आणि फेब्रुवारी संपला की हे कागद कपाटात टाकू नकोस. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केला तो एक आठवडा होता, त्याचा महिना व्हायला १९७६ उजाडलं. तुझ्या एप्रिलमधल्या परीक्षेसाठीही हेच पत्रक चालतं.

सोमवारी फक्त पत्रक दे. झेरॉक्स मोठ्या अक्षरात काढ. लिहायला काहीच सांगू नकोस, नुसतं बोट ठेवायला सांग आणि फिरत राहा. मुख्याध्यापिका दाराशी आल्या तर येऊ देत.

राहता राहिलं तुझं एक वाक्य: 'मुलांना यात रस नाही.' हे कशावरून? ज्या मुलाचा परिच्छेद पाठवलास त्याचा मूळ कागद पुढच्या मेलमध्ये पाठव, स्पेलिंगच्या चुकांसकट, तुझी लाल शाई न लावता. मग बोलू.

तुझी,
बाई