मेल ढीगभर, पण नेमक्या वेळी एकही नाही

प्रश्न : आमच्या संस्थेच्या तीन इमारतींत मिळून तीसेक नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) आहेत. झॅबिक्स हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून सगळे त्यात घातले आणि मेलवर अलर्ट लावले. रोज इतके मेल येतात की आता ते परस्पर एका फोल्डरमध्ये वळवले आहेत. मागच्या आठवड्यात मुख्य स्विच बंद पडला, तेव्हा मात्र एकही मेल आला नाही. तो चालू केल्यावर सगळे धाडकन आले. झॅबिक्स काढून दुसरं काही घ्यावं का?

उत्तर : नका काढू. दुसरं काही आणलंत तरी तेच होईल. तुमच्या झॅबिक्सला स्विच बंद पडल्याचं वेळेवर कळलं होतं, पण मेल बाहेर पडायचा तो त्याच स्विचमधून. घराला लागलेल्या कुलपाची किल्ली आतच राहावी, तशातली गत.

तेव्हा आधी अलर्टला स्वतंत्र वाट द्या. सर्व्हरला यूएसबीवर जीएसएम मॉडेम (मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणारं यंत्र) लावून त्यात सिम घाला आणि गंभीर अलर्ट एसएमएसने पाठवा. ही सोय झॅबिक्समध्ये आहेच. शिवाय बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर झॅबिक्सला दर पाच मिनिटांनी हजेरी लावायला सांगा. हजेरी चुकली की बाहेरच्याने तुम्हाला कळवायचं. झॅबिक्सचा सर्व्हरच झोपला, तर ते सांगायला दुसरं कोण आहे?

आता मेलचा पूर. माझा अंदाज, यातले निम्मे तरी ‘लिंक डाउन’चे असतील. लोक संध्याकाळी संगणक बंद करून घरी जातात आणि स्विचचा प्रत्येक पोर्ट, म्हणजे केबल जोडायची खाच, बोंब मारतो. हा ट्रिगर, म्हणजे अलर्ट सोडणारी अट, फक्त अपलिंक (वरच्या स्विचकडे किंवा बाहेर जाणारी जोडणी) आणि सर्व्हरच्या पोर्टना ठेवा. झॅबिक्सच्या तयार टेम्पलेटमध्ये त्यासाठी आयएफकंट्रोल (IFCONTROL) नावाचा मॅक्रो, म्हणजे आपल्याला बदलता येणारी किंमत, असतो. नको त्या पोर्टसाठी त्याची किंमत शून्य करा.

पिंग, म्हणजे स्विचला ‘आहेस का?’ असं विचारणारा छोटा संदेश, एकदा चुकला म्हणून अलर्ट नको. पिंगला उत्तर देणं हे स्विचच्या लेखी दुय्यम काम. त्याचा प्रोसेसर गुंतलेला असला की एखादं उत्तर राहून जातं. सलग तीनदा उत्तर आलं नाही, तरच बोलायचं. प्रोसेसरच्या लोडचंही तसंच : पाच मिनिटं ९० टक्क्यांच्या वर राहिला तर अलर्ट, आणि ७५च्या खाली उतरला तरच तो मिटवायचा. दोन्हीकडे ९०च ठेवलंत तर ८९-९१च्या झोक्यावर रात्रभर मेल येत राहतील.

खरी मेहनत आहे ती अवलंबित्व लावण्यात. मुख्य स्विच पडला की त्याच्यामागचे सगळे ‘बंद’ दिसतात, खरं तर ते ठणठणीत असतात. प्रत्येक स्विचचा ट्रिगर त्याच्या वरच्या स्विचच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवा. तीस स्विचचं हे काम कंटाळवाणं आहे, पण करा. एक खोच आहे : वरचा स्विच उशिरा तपासला गेला, तर खालच्याचे अलर्ट त्याच्या आधी सुटतात. म्हणून झॅबिक्सच्या अॅक्शनमध्ये (अलर्ट कोणाला, कधी पाठवायचा हे ठरतं तिथे) निरोप पहिल्या पायरीऐवजी दुसऱ्या पायरीपासून सुरू करा आणि पायरी एक-दोन मिनिटांची ठेवा.

एखादा स्विच रीस्टार्ट झाल्याचा अलर्ट आला आणि वीज तर गेलीच नव्हती, असं झालं तर घाबरू नका. एसएनएमपीमध्ये (झॅबिक्स ज्या पद्धतीने स्विचकडून माहिती घेतं, ती) अपटाइम, म्हणजे स्विच सुरू झाल्यापासूनचा वेळ, ३२ बिटांत, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. सुमारे ४९७ दिवसांनी तो आकडा भरून शून्यावर येतो.

सगळं लावून झालं की लोकांना पूर्वसूचना देऊन एखाद्या संध्याकाळी मुख्य स्विचची अपलिंक केबल काढा. एसएमएस एकच यायला हवा. दोन आले, तर अवलंबित्व कुठेतरी राहिलंय.

आणि एसएनएमपीची कम्युनिटी (स्विचची माहिती वाचायला लागणारा पासवर्डसारखा शब्द) अजून ‘पब्लिक’च असेल, तर ती आजच बदला. तुमच्या स्विचना चालत असेल तर सरळ एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीवर जा.