एक झाड धर

तुझं पत्र दोनदा वाचलं. सलग नऊ दिवस पहाटे रानात गेलीस आणि लिहितेस, ‘काहीच दिसलं नाही, मला नावंच येत नाहीत, आधी एखादा अभ्यासक्रम करू का?’ पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. नऊ दिवस नऊ वेगळ्या वाटांनी गेलीस ना? मग दिसणार काय!

एक झाड धर. रोज तेच.

पानगळीच्या दिवसांत पान पिवळं ‘पडतं’ असं आपण म्हणतो. खरं तर पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य सरलं की तो उघडा पडतो. ज्यांची पानं लाल होतात ती बहुतेक झाडं मात्र तो रंग शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतात. हे पुस्तकातही मिळेल. पण शिरांच्या कडेने हिरवा किती दिवस तग धरून राहतो, हे त्याच फांदीपाशी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

आणि पान गळाल्यावर त्याच्या मागे धावू नकोस, ते जिथून गळालं ती जागा बघ. देठाच्या बुडाशी झाड बुचासारखा पडदा धरतं आणि पान सोडून देतं. मागे उरलेल्या खुणेवर बारीक ठिपके दिसतील. पानापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यांची ती मिटलेली तोंडं. खुणेच्या बरोबर वर पुढच्या हंगामाचा डोळा बसलेला असतो, पान हिरवं असतानाच तयार झालेला.

मला तो डोळा वयाच्या ५२व्या वर्षी दिसला. ५२व्या!

तोवर मी याद्या करत हिंडलो. अकरा वह्या भरल्या. परवा एक उघडली, तर एका सकाळच्या नोंदीत फक्त ‘कोळी, २’. जाळ्यावर दव होतं का, कोळी जुनं जाळं गिळून नवं विणत होता का, काही नाही. दोन कोळी. त्या माणसाला आज धरून हलवावंसं वाटतं.

माझ्या बरोबरीचे पुढे गेले, जाणकार म्हणून ओळखले जातात. मी एका झाडापाशी तासभर उभा राहतो म्हणून मागून हसतातही. हसू देत. त्यांना शंभर झाडं ठाऊक असतील, मला एक माहीत आहे. यात थोडा हट्ट आहे, नाही असं नाही.

अमेरिकन लेखक थोरोचंच बघ. १८५२ ते १८५८ या काळात कॉन्कर्ड या आपल्या गावाच्या त्याच परिसरात हिंडून कुठलं फूल कधी उमललं, हे तो टिपत राहिला. दीडशे वर्षांनी संशोधकांनी ती टिपणं ताडून पाहिली, तर तिथली कितीतरी फुलं आता लवकर उमलतात असं दिसलं. (नावं त्याला यायची, मान्य. पण नुसत्या नावांवर हे निघालं नसतं.)

तेव्हा अभ्यासक्रम राहू दे. एक झाड धर, म्हटलं ना. उद्या ऊन तिरपं असतानाच जा आणि उजेडाकडे तोंड करून उभी राहा, जाळी तेव्हाच दिसतात. रात्र फार गारठ्याची गेली असेल तर वारा नसतानाही पानं टपटप गळतील. मोजू नकोस, एकाच फांदीवरची बघ. तिथल्या तिथे लिही, घरी येऊन नाही.

आणि झाडाचं नाव मला आठ दिवस विचारू नकोस. नवव्या दिवशी विचार, सांगेन.