धुळीतलं शूट: लेन्स बदलण्याआधी

मंगळवेढ्याच्या बाजूला एप्रिलात शूट लावलंयस, तर एक लक्षात ठेव: काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि कुठेही शिरते. म्हणून झूम न होणाऱ्या, सारख्या बदलाव्या लागणाऱ्या प्राइम लेन्सचा हट्ट सोड, एक बरा झूम लावून दिवस काढ. लेन्स बदलायचीच झाली तर गाडीत बस, काचा वर, एसीचा पंखा बंद, कॅमेऱ्याचं तोंड खाली. नवी लेन्स आधी हातात तयार हवी. लेन्ससमोर क्लिअर फिल्टर, म्हणजे साधी पारदर्शक काच, कायम असू दे. ओरखडा पडलाच तर त्याच्यावर पडू दे.

कॅमेऱ्याच्या पंख्याची जाळी मात्र झाकू नकोस. धुळीच्या भीतीने पोरं कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळतात, आणि बेचाळीस डिग्रीत तो तापून बंद पडतो. त्यापेक्षा छत्री धर, वाऱ्याकडे पाठ कर. कार्डाच्या कप्प्याचं झाकण उघडण्याआधी वरची धूळ ब्रशने झटक.

संध्याकाळी पॅकअपनंतर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ-१६ किंवा २२ इतकं बारीक करून, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा शॉट घे. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर, कण असेल तर काळा ठिपका दिसेल. रबरी ब्लोअर मार. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातला द्रव सेन्सरवर बसतो. ब्लोअरने ठिपका गेला नाही तर हात आवर, कॅमेरा भाड्याने देणाऱ्याला फोन कर. सेन्सर पुसणं तुझं काम नाही, निदान अजून तरी.