सोसायटीतलं पक्ष्यांचं कारंजं बंद पडलंय. पंप दुरुस्त करावा का? निगा कशी राखायची?

तुम्ही लिहिलंय की पंप जळालाय आणि कमिटी खर्चाला तयार नाही. या एका बाबतीत कमिटीचं ऐका. पंप नकोच.

हे आमच्या अनुभवावरून सांगतोय. ठाण्यात पाचपाखाडीला आमची बिल्डिंग जुना वाडा पाडून झाली. वाड्याच्या विहिरीजवळ गुरांसाठी दगडी दोणी होती, ती तेवढी वाचली. चार माणसांशिवाय हलत नव्हती म्हणून कुणी नेली नाही, एवढंच. तळमजल्यावरचे एक आजोबा रोज सकाळी तिच्यात बादलीभर पाणी ओतायचे. ते गेल्यावर आम्हाला उत्साह आला. त्यांच्या आठवणीसाठी वर्गणी काढली, सबमर्सिबल पंप बसवला, दोन फूट उडणारं कारंजं, खाली निळा दिवा. नारळही फोडला.

आठवणीखातर पाणी बांधायची चाल जुनीच म्हणा. फोर्टमधलं रतनसी मुळजी जेठांचं १८९४चं कारंजं अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ आहे. मुंबईच्या जुन्या पाणपोयांना माणसांसाठी तोट्या आणि पायाशी गुरांसाठी हौद असायचे. घरोघरी नळ आले, बैलगाड्या-घोडागाड्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी कोरड्या पडल्या.

आमचं कारंजं त्याच्या उलट, पाणी भरपूर असून ओस. कबुतरं तेवढी यायची. कबुतर चोच बुडवून सरळ पाणी ओढतं, त्याला खोल पाणी चालतं. चिमणी, बुलबुल घोटभर पाणी चोचीत घेऊन मान वर करतात, आणि अंघोळीला त्यांना उभं राहता येईल इतकंच पाणी लागतं. कडेला एक इंच, मध्ये फार तर दोन. आमच्या दोणीत सहा इंच होतं. वर तो फवारा अंगावर येणार, मग कोण बसतंय! पुढे पंप बिघडला, पाणी हिरवं झालं, आणि एके दिवशी डासांच्या तपासणीला आलेल्या माणसाने बॅटरीच्या उजेडात आम्हाला वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. खाली मान घालून ऐकून घेतलं.

मग पंप भंगारात दिला. दोणीत विटांचे तुकडे आणि खडबडीत दगड रचून खोली कमी केली. प्लंबरने टाकीच्या लाइनवरून बारीक नळी आणून तोटी लावली. सेकंदाला एक थेंब पडेल एवढीच ती उघडी ठेवतो. वीस थेंबांचा साधारण एक मिली धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात, म्हणजे पाण्याच्या नासाडीवरून मीटिंगमध्ये भांडायला जागा नाही. टपटप आवाज आणि हलणारं पाणी पाखरांना लांबून कळतं. आठवड्याभरात दयाळ आला.

निगा म्हणजे घासणं, दुसरं काही नाही. दर दोन दिवसांनी बूच काढून पाणी सोडायचं आणि काथ्याच्या ब्रशने दगड, कडा, आतल्या भिंती खरवडून काढायच्या. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. साबण वापरू नका, पिसांवरचं तेल जातं. शेवाळ फारच धरलं तर एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून घासा, भरपूर धुवा आणि उन्हात पूर्ण वाळल्यावरच पाणी सोडा. पावसाळ्यात आम्ही बूच काढूनच ठेवतो.

जागा झाडाजवळ हवी, पण झुडपाला चिकटून नको. मांजर दबा धरतं. सहा-सात फूट मोकळे सोडा. आणि शेजारी दाणे टाकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी थांबवा, अगदी पुण्य लागतं असं म्हणाले तरी. दाण्यांमागून कबुतरं येतात, कबुतरांमागून उंदीर.

सध्या घासायच्या पाळ्या चार घरांत वाटल्यात. कमिटीतलं एकही नाही.

कावळ्यांवर मात्र आम्हाला उपाय सापडलेला नाही. कुठून कुठून शिळा पाव, भाकरीचे तुकडे, एकदा तर अख्खा चिकनचा पाय आणून त्यात भिजत घालतात आणि विसरून जातात. ज्याची पाळी, त्याच्या नशिबी.