कॉलेज आधी जाऊन बघितलं तर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळायला मदत होते का?

तुम्ही लिहिलंय की जळगावचा मुलगा एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन बसलाय आणि नातेवाईक म्हणतायत, "पुण्याच्या कॉलेजात एकदा जाऊन ओळख काढून या." कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्ये, त्याचा काडीचाही उपयोग नाही. ही परीक्षा आणि प्रवेश चालवणाऱ्या सीईटी सेलचं जागावाटप मेरिट नंबर, प्रवर्ग आणि ऑप्शन फॉर्ममधला (कॉलेजांच्या यादीतला) पसंतीक्रम यांवर होतं. कोण कोणाला भेटून आलं, याला तिथे रकानाच नाही. (अमेरिकेतली काही खासगी कॉलेजं अशा भेटीची नोंद ठेवतात आणि निवड करताना ती बघतात. तिथलीच एमआयटी, हार्वर्ड मात्र बघत नाहीत.)

तरीही जाच, पण ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या ३ पैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या ६ पैकी कुठलाही मिळाला तरी तेच. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे नाव ऐकून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे तपासा आणि निदान पहिली सहा कॉलेजं प्रत्यक्ष बघा.

ही सहा मागच्या वर्षीच्या कट-ऑफवरून निवडायची. इथे बरेच पालक चुकीची ओळ वाचतात. कट-ऑफ यादीतल्या प्रवर्गाच्या कोडच्या शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्याच विद्यापीठाच्या भागातली मुलं), 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. जळगावच्या मुलाने पुण्याच्या कॉलेजची 'एच' ओळ बघून काही उपयोग नाही, त्याची ओळ 'ओ' किंवा 'एस'.

कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असतील अशा दिवशी जा. सुट्टीत गेलात तर फक्त इमारत आणि बाग दिसेल. ॲडमिशन काउंटरवरून थेट लॅब गाठा. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये लेथखालच्या ट्रेमध्ये ताजा कीस आणि कूलंट दिसला तर मशीन रोज चालतं. लेथवर काम पकडणाऱ्या चकवर गंज असेल तर ते तपासणीपुरतं ठेवलेलं आहे. कॉम्प्युटरला एका मशीनवर किती मुलं बसलीत ते मोजा. एनबीए मानांकन (अभ्यासक्रमाच्या दर्जाची मान्यता) कॉलेजला नसतं, शाखेला असतं, तेव्हा तुमच्याच शाखेचं आहे का आणि मुदत कधीपर्यंत, ते विचारा. होस्टेल पहिल्या वर्षाला मिळतं का, हे ऑफिसपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलेलं बरं.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचं सर्वांत मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. कॉलेज एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची कॉलेज-क्रमवारी) भाग घेत असेल तर त्याच्या वेबसाइटवर त्या माहितीची पीडीएफ असते. त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, दोन्ही मिळतं. फी तिथल्या तोंडी आकड्यावर न जाता शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत बघा.

स्वतः गेल्याने खरा फरक पडतो तो इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागांना आणि कॅपनंतर उरलेल्या जागांना. त्या जागा कॉलेज स्वतः भरतं, मुदत थोडी असते, म्हणून नोटीस बोर्ड आणि वेबसाइट दोन्हींवर लक्ष ठेवा. पण तिथेही मेरिट यादी लावावीच लागते आणि देणगी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. "मूळ टीसी जमा करा, सीट धरून ठेवतो" म्हणाले तर देऊ नका. टीसी तिथे अडकली की कॅपमध्ये दुसरीकडे जागा लागूनही रिपोर्टिंगची (तिथे हजर होऊन प्रवेश पक्का करायची) मुदत हातची जाते.